पळसाखालची हिंदी



मराठी मुलाला हिंदी सोपी वाटते, आणि अडचण नेमकी तेथेच सुरू होते. लिपी एकच, त्यामुळे पाचवीतले मूल धडा घडाघडा वाचते आणि ‘शिक्षा’ या शब्दाशी दचकते! मराठीत शिक्षा म्हणजे दंड, हिंदीत विद्या. पालक गाइड आणून देतात. पण शब्दार्थांच्या याद्यांनी हे अंतर अंगवळणी पडत नाही.

त्या मुलाला फाल्गुनात फुललेल्या पळसाखाली न्यावे. हिंदीत याचे फूल टेसू, झाड ढाक. फुले उकळून होळीचा रंग करावा, पाने टाचून पत्रावळ करावी. तिकडे ती पत्तल, आणि द्रोणाचा दोना. आपल्याकडे पळसाला पाने तीनच, तिकडे ‘ढाक के तीन पात’. एकच पान पाहून दोन्ही भाषांना सुचलेली ही म्हण मूल सहसा विसरत नाही. फांदीवरल्या पाखराचा आवाज मात्र हिंदीत ‘पंछी की आवाज’ होतो. लिंगविचार तेव्हा सांगावा, आधी नव्हे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी दिनदर्शिका उघडावी. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो. तेथे चैत्र लागलेला असतो, आपला फाल्गुन आणखी पंधरवडाभर चालतो. परीक्षेत हे कोणी विचारत नाही. पण आपली श्रावणातली गोकुळाष्टमी हिंदी धड्यात ‘भादों’त कशी, हे मग तेच मूल घरी आजीला समजावून सांगते.