परसांतील तळ्यांतले मासे



गेल्या पावसाळ्यांत ओढ्याचें पाणी फुटून आमच्या कोंकणांतील घराच्या परसांत शिरलें. ओसरल्यावर तेथील लहानशा तळ्यांत बोटबोटभर मासे दिसूं लागले. शेजारचे वकील म्हणाले, "मास्तर, हे गांवठी मासे काय कामाचे? डास खाणारे मासे सोडा." दुसऱ्या दिवशीं तसल्या माशांची बाटलीहि त्यांनीं आणून दिली.

मीं ती ओट्यावर ठेविली. नोकरींत असतांना असेच मासे मीं मोठ्या हौसेनें शाळेच्या विहिरींत सोडिले होते. दोन वर्षांनीं विहिरींतले जुने मासे दिसेनासे झाले. ते कोणते होते, हें मला आजहि सांगतां येत नाहीं. कारण सोडण्यापूर्वीं मीं त्यांजकडे नीट पाहिलेंच नव्हतें.

या खेपेस आधीं पाहिलें. मासा हातांत न धरतां काचेच्या बरणींत पाण्यासकट घ्यावा, बाजूनें पाहावा आणि लगेच परत सोडावा. रंगावर फार विसंबूं नये. भ्यालेला मासा फिका पडतो. तोंडाची ठेवण व पाठीवरच्या पराची जागा पाहावी.

अगदीं पृष्ठभागाशीं तरंगणारा जो मासा होता, त्याचें डोकें वरून चपटें, तोंड वर वळलेलें व पाठीचा पर पार शेंपटीजवळ. डोक्यावर मधोमध चांदीच्या टिकलीसारखा एक ठिपका. अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी, आणि मागल्या भागावर काळे उभे पट्टे; मादीच्या अंगावर ते अधिक ठळक. हा ॲप्लोकायलस लिनिएटस. व्हॅलेन्सिएन या फ्रेंच पंडितानें १८४६ सालीं त्याचें वर्णन केलें, तें मुंबईकडून गेलेल्या नमुन्यावरून! पट्टे नसून पाठीच्या पराच्या बुडाशीं काळा डाग असेल, तर तो त्याचा भाऊबंद पँचॅक्स.

मधल्या पाण्यांत फिरणारे दोन प्रकार ओळखणें सोपें. डोळ्यापासून शेंपटीपर्यंत काळी रेघ असलेला तो रासबोरा. आणि कल्ल्यामागें एक व शेंपटीजवळ एक असे दोन काळे ठिपके असलेली ती टिक्टो जातीची खवली. दोहोंचीं वर्णनें फ्रान्सिस हॅमिल्टन याच्या गंगेंतील माशांवरील १८२२ च्या ग्रंथांत आहेत.

आतां बाटलींतला मासा. हा गॅम्बुसिया, मूळचा अमेरिकेचा, १९२८ सालीं हिंदुस्थानांत आणलेला. त्याचेंहि तोंड वर वळलेलें, तोहि पृष्ठभागीं राहतो. म्हणून घोटाळा होतो. परंतु डोक्यावर टिकली नाहीं, अंग करडें, आणि मादीच्या पोटाशीं मागें काळसर डाग असतो. नराचा पोटामागचा पर काडीसारखा लांबलेला. आमचा टिकलीवाला पाणवनस्पतींना एकेक अंडें चिकटवितो. हा थेट पिलेंच घालतो, झपाट्यानें वाढतो आणि इतर माशांचीं अंडीं, पिलें व बेडकांचीं पोरें फस्त करितो.

राहिला डासांचा प्रश्न. एका सायंकाळीं नातीनें रांजणांतल्या वळवळणाऱ्या अळ्या वाटीभर पाण्यांतून तळ्यांत ओतल्या. देवाजवळ दिवा लावून ती परत आली, तों टिकलीवाल्यांनीं एकहि शिल्लक ठेविली नव्हती.

बाटलींतले मासे मीं तळ्यांत सोडिले नाहींत, आणि ओढ्यांतहि ओतले नाहींत; ओढा पुढें नदीला मिळतो. ते ओट्यावरच्या मोठ्या बरणींत आहेत. वकीलसाहेब येतां-जातां विचारतात, "मास्तर, मुहूर्त कधींचा?"