गाविलगडाच्या तोफा कोणी ओढल्या?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला आवडीच्या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. अनेकांना वाटलं असेल, ही सॉफ्टवेअरवाली, कॉम्प्युटरवरच बोलणार. पण मी किल्ल्यावर बोलणार आहे. कारण आहे आपली आंबागडची सहल.

आठवीत असताना सरांनी आपल्याला आंबागडला नेलं होतं. साधारण १७०० च्या सुमारास, देवगडच्या बख्त बुलंद शहाच्या काळात राजा खान पठाणानं तो बांधला आणि पुढे नागपूरकर भोसल्यांनी त्याचा तुरुंग केला, हे सरांनी दरवाजात उभं राहून सांगितलं. मग विचारलं, "असल्या डोंगरावर तोफ कशी चढवाल?" कोणी हत्ती म्हणालं, कोणी बैल. मी कप्पी आणि दोर म्हणाले, कारण विज्ञानाचा धडा नुकताच झाला होता. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण म्हणाली, "बैल नाही चढत सर. माणसंच वढतील." सगळा वर्ग हसला. मीसुद्धा हसले. सर मात्र हसले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मुलीला घेऊन चिखलदऱ्याला गेले, तेव्हा गाविलगड पाहिला. उंची सुमारे ११०० मीटर. तिथं तोफा अजून पडलेल्या आहेत. परत आल्यावर त्या किल्ल्याच्या लढाईबद्दल मिळेल ते वाचलं, कारण ती आपल्याच राज्याची लढाई होती. आपला भाग तेव्हा नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता आणि गाविलगडही त्यांचाच.

साल १८०३. इंग्रज आणि मराठे यांचं दुसरं युद्ध. २३ सप्टेंबरला असईला आणि २९ नोव्हेंबरला अकोल्याकडच्या आडगावला मराठी फौजा हरल्या. उरलेलं सैन्य गाविलगडाच्या आश्रयाला गेलं. किल्लेदार होता बेनीसिंग. समोर आर्थर वेलस्ली, ज्यानं पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला.

गाविलगडाच्या दक्षिणेला सरळ तुटलेला चढ आहे. तिथून डागलेल्या तोफांनी तट फुटण्यासारखा नव्हता. उत्तरेकडून, लबाडा गावाच्या बाजूनं, डोंगर किल्ल्याला जोडलेला आहे. पण तिकडे पोचायला मेळघाटचे डोंगर वळसा घालून ओलांडावे लागत, आणि तोफा जाईल असा रस्ताच नव्हता. वेलस्ली दक्षिणेला थांबला आणि कर्नल स्टीव्हन्सनची फौज तोफा घेऊन उत्तरेला निघाली. ७ डिसेंबरला निघालेली ही फौज १२ तारखेला लबाड्याला पोचली. अंतर सुमारे ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर.

इंजिनीअर असल्यामुळे मी हिशोब मांडला. त्यांच्याकडे १८ पौंडी तोफा होत्या. म्हणजे तोफेचा एक गोळा साधारण ८ किलोचा आणि नुसती तोफ सुमारे दोन टनांची. गाडा आणि दारूगोळा वेगळा. हे सगळं दिवसाला दहा किलोमीटरच्या आसपास, डोंगर चढत आणि दऱ्या उतरत. हे जमलं कसं? वेलस्लीनं आपल्या अहवालात लिहून ठेवलंय की, जवळजवळ सगळं अंतर जड तोफा माणसांनी हातानं ओढल्या, आणि ज्या रस्त्यावरून ओढल्या तो रस्ताही आधी त्यांनीच तयार केला.

ते वाचलं आणि मला आंबागड आठवला. माणसंच वढतील.

१३ डिसेंबरच्या सकाळी उत्तरेकडच्या तोफा सुरू झाल्या. १४ च्या रात्रीपर्यंत तटाला खिंडार पडलं. १५ ला हल्ला झाला. बाहेरचा तट गेला तरी आतला किल्ला दरीपलीकडे शाबूत होता. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून तट चढली आणि तिनं आतून दरवाजा उघडला. बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. रघूजी भोसल्यांना कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला. पाच दिवसांच्या त्या ओढण्यानं एका राज्याचा नकाशा बदलला.

वेलस्ली, स्टीव्हन्सन, कॅम्पबेल, बेनीसिंग ही नावं सगळीकडे सापडतात. दोर धरणाऱ्यांपैकी एकाचंही नाव मला सापडलं नाही. त्या फौजेत बहुसंख्य आपल्याच देशातले, मद्रासकडचे शिपाई होते. ते भोसल्यांच्या विरुद्ध होते हे खरं. पण तटावर मेलेल्या भोसल्यांच्या शिपायांची नावं तरी कुठं आहेत?

आता मूळ मुद्द्यावर येते. या स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांची यादी केली, तेव्हा ती तपासायचं काम माझ्याकडे आलं. यादी दहावीच्या निकालावरून केलेली होती. म्हणजे जे दहावीपर्यंत पोचले तेच आपल्या वर्गाचे. माझी ती मैत्रीण यादीत नव्हती. आठवीनंतर तिची शाळा सुटली. ती घरी विड्या वळायला बसली, रोवणीला जाऊ लागली, आणि तिचा धाकटा भाऊ शिकला. त्या वर्षी तिची विज्ञानाची वही मी मागून घेतली होती. "तुला आता काय कामाची," असं मी म्हणाले होते. हे मी आज पहिल्यांदा कोणासमोर सांगते आहे.

काल संध्याकाळी तिच्याकडे गेले. चहा झाला. आंबागडचं बोलले, तर तिला तो प्रश्न आठवत होता, उत्तर नव्हतं आठवत. उद्या ये म्हटलं, तर म्हणाली, "मी कायची तुमच्या वर्गातली? आठवीतच सुटली ना शाळा." ती आज आली नाही. नाव छापू का विचारलं, त्यालाही तिनं अजून हो म्हटलेलं नाही, म्हणून इथं नाव घेत नाही.

संयोजकांना आणि गुरुजनांना माझी एकच विनंती आहे. स्मरणिका छापायला जाण्याआधी शाळेचं पाचवीपासूनचं हजेरीपुस्तक काढू. मधेच सुटलेल्या प्रत्येकाच्या घरी आपल्यापैकी कोणीतरी जाऊ, त्यांना विचारू, आणि जे हो म्हणतील त्यांची नावं याच यादीत, वेगळा मथळा न देता, घालू. माझ्या वाट्याला कितीही घरं द्या, मी जाईन. पहिलं घर माझं ठरलेलं आहे.

सर, त्या दिवशी तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर तिनंच दिलं होतं. एवढं सांगायला मी उभी राहिले.