ओढ्याकाठची पायवाट
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. हळदीकुंकवाला बोलते तशीच बोलेन, तेवढे गोड मानून घ्या. विषय साधा आहे : पाटणादेवीच्या रानात ओढ्याच्या काठाने पायी फिरणे.

पाटणादेवी आपल्याला नवीन नाही. चाळीसगावपासून सुमारे १८ किलोमीटरवर, डोंगराच्या कुशीत चंडिकादेवीचे हे ठिकाण. नवरात्रात आपण जातो, ओटी भरतो, दर्शन घेतो, डबे सोडतो आणि भांडी आवरून पुन्हा गाडीत बसतो. शेजारून डोंगरी नदी वाहते, तिच्याकडे पाहायला सवड कोणाला? नाव नदीचे असले तरी तिथे तिचे रूप ओढ्याचेच आहे. हे सारे रान १९८६ पासून गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येते, म्हणून ते अजून राखलेले आहे.

आपल्या खानदेशात उन्हाळा कसा तापतो हे मी सांगायला नको. सावलीची किंमत आपल्याइतकी कोणाला कळणार! त्या ओढ्याच्या काठी करंज आहे, उंबर आहे. जरा वर गेले की साग, पळस आणि अंजन. अंजनाचे पान मुलांना अवश्य दाखवा. आपट्यासारखेच जोडपान, पण दोन्ही दळे सुटी. माकडे दिसतात, मोराचा आवाज येतो. केदारकुंडाच्या दिशेने वाट वर जाते. पण कुंड गाठलेच पाहिजे असे काही नाही. जिथे दगड मोठे लागतील, आजीबाईंचे गुडघे बोलू लागतील, तिथे बसावे आणि परत फिरावे. वर पितळखोऱ्याची प्राचीन बौद्ध लेणी आहेत, पण ती चढउतार वेगळी. ती तरण्या मुलांसाठी ठेवा.

या रानाची आणखी एक गोष्ट आहे. पाटण हे थोर गणिती भास्कराचार्यांचे गाव, असे आपल्याकडे मानतात. विद्वानांत त्यावर मतभेद आहेत. पण त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी येथे मठ स्थापला, त्याला १२०७ च्या सुमारास दान मिळाले, हे येथील शिलालेखातच कोरलेले आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख उजेडात आणला.

मी सातवीपर्यंत शिकलेली बाई, मला मोठे गणित येत नाही. पण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तली उदाहरणे ऐकली तेव्हा नवल वाटले. कमळावरचे भुंगे, साप आणि मोर, तळ्यातले कमळ! कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात आहे. वाऱ्याने कलून दोन हातांवर ती पाण्यात बुडते. तर पाणी किती खोल? उत्तर पावणेचार हात. आणि हे प्रश्न विचारले आहेत ते लीलावती नावाच्या मुलीला. ती त्यांची कन्या होती असे परंपरा सांगते. सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वी एका मुलीला उद्देशून गणित लिहिले गेले, हे त्या ओढ्याकाठी बसून आपल्या लेकीनातींना सांगावे. त्यांनाही एखादा प्रश्न घालावा आणि उत्तराला घाई करू नये.

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. धुळ्याच्या मैत्रिणींना रेल्वेने चाळीसगावपर्यंत येता येते. जळगावकरांना तर मोठी लाइनच आहे. पावसाळा सरल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षात जावे. तेव्हा ओढ्याला पाणी असते आणि वाट कोरडी असते. भर पावसात मुलांना घेऊन ओढ्यात उतरू नये. आपल्या डोक्यावर ऊन असले तरी वर डोंगरात पाऊस पडलेला असू शकतो. ३१ ऑगस्ट २०२१ ला डोंगरी आणि तितूर या नद्यांनी चाळीसगावात किती हाहाकार केला ते आपण विसरलेलो नाही. बिबट्याचे रान आहे, तेव्हा मुलांनी पुढे पळू नये आणि ऊन कलायच्या आत परतावे. वनखात्याचे लोक सांगतील ते ऐकावे. माकडांना खाऊ घालू नये. आपला कचरा आपल्याच पिशवीत परत आणावा. देवीच्या दारात आपण उष्टे टाकत नाही, मग रानात का टाकावे?

आणि स्वयंपाक तिथे मुळीच करायचा नाही. भरीत-पुरीचा घाट घातला की मंडळी फिरतात आणि आपण कढईपाशी बसतो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा एवढे पुरे. आपापली शिदोरी ज्याने त्याने उचलावी, पुरुषांनीसुद्धा.

मी हा बेत घरी बोलले तेव्हा सासूबाई अहिराणीत म्हणाल्या, “तठे काय काम से?” प्रश्न खरा आहे. आपण बाया लग्नाला जातो, दहाव्याला जातो, नवस फेडायला जातो, दवाखान्यात जातो. कामावाचून कुठे गेलो, असे आठवून पाहा बरे. मला तरी पटकन आठवले नाही. मी त्यांना म्हटले, “काम काही नाही आई, म्हणूनच जायचे. तुम्हीपण चला.” त्यांनी मान हलवली नाही, पण दुसऱ्या दिवशी चपलेचा तुटलेला पट्टा शिवून आणायला सांगितला.

म्हणून माझी मंडळाला विनंती आहे. दरवर्षी आपण हळदीकुंकू करतो, भजनस्पर्धा करतो, पाककृती करतो. या वर्षी मार्गशीर्षात एक दिवस या पायवाटेसाठी ठेवावा. स्पर्धा नको, बक्षीस नको, वाण नको. सासवांनी यावे, सुनांनी यावे, मुलींना तर आणावेच. ज्यांना चालवत नाही त्यांनी उंबराखाली बसून पाण्याचा आवाज ऐकावा, तेही फिरणेच झाले.