कुंपणांतला वटवट्या

दसऱ्याच्या सुमारास कोल्हापुरांत मेंदीच्या कुंपणांतून ‘चक्, चक्’ असा कोरडा आवाज येऊं लागतो. दोन गारगोट्या एकमेकींवर आपटाव्या तसा. रंकाळ्याच्या काठच्या झुडपांतून आणि पंचगंगेकडच्या बाभळींतूनहि तो ऐकूं येतो. आवाज करणारा मात्र सहसा दिसत नाहीं. दिसलाच तर चिमणीहून लहान, मातकट रंगाचा, डोळ्यावर फिकट रेघ असलेला एक पक्षी पानांआड सरकतांना दिसतो. हा ब्लिथचा वटवट्या. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचें संग्रहालय सांभाळणाऱ्या एडवर्ड ब्लिथ यांनीं १८४९ सालीं त्याचें वर्णन केलें. इंग्रजी नांवांत त्याला बोरूच्या बेटांत बसविलें आहे. परंतु लॅटिन नांवाचा अर्थ ‘झुडपांतला’ असा आहे, आणि तोच खरा. फिनलंडपासून सैबेरियापर्यंतच्या प्रदेशांत वीण आटोपून तो इकडे येतो.

हा पाहुणा दुर्मिळ नव्हे. दुर्मिळ आहे तो हुबेहूब त्याच्यासारखा दिसणारा त्याचा भाऊबंद, लांब चोचीचा वटवट्या. १८६७ सालच्या नोव्हेंबरांत सतलजच्या खोऱ्यांत रामपूरजवळ ॲलन ह्यूम यांना तो मिळाला. पुढें काँग्रेसच्या स्थापनेंत पुढाकार घेणारे ते हेच ह्यूम. त्यानंतर जवळजवळ १३९ वर्षें ह्या जातीचा तेवढा एकच पक्षी जगाला माहीत होता. ती खरोखर निराळी जात, कीं दुसऱ्याच एखाद्या जातीचा विचित्र नमुना, याविषयीं जाणत्यांतहि मतभेद होते.

२७ मार्च २००६ रोजीं थायलंडमध्यें, सांडपाणी शुद्ध करण्याच्या एका केंद्रावर, फिलिप राउंड हे जाळ्यांत सांपडलेल्या पक्ष्यांच्या पायांत कडीं घालीत होते. एका वटवट्याची चोच त्यांना फार लांब आणि पंख आंखूड वाटले. त्यांनीं मापें व छायाचित्रें घेतलीं, दोन पिसें काढून घेतलीं आणि पक्षी सोडून दिला. स्वीडनमधील लुंड येथें झालेल्या जनुकांच्या तपासणींत तीं पिसें ह्यूम यांच्या नमुन्याशीं जुळलीं. पुढें इंग्लंडांत ट्रिंगच्या संग्रहालयांत, ब्लिथच्या वटवट्यांच्याच खणांत, १८६९ सालीं उत्तर भारतांत मिळालेला दुसरा नमुना निघाला. शतकाहून अधिक काळ तो भलत्या नांवाखालीं पडून होता. पण कोठें व केव्हां मिळाला याची नोंद शिल्लक होती, म्हणूनच तो कामास आला. २००९ सालीं अफगाणिस्तानांतील वाखानच्या खोऱ्यांत या जातीची विणीची जागाहि हातीं लागली.

तेव्हां उद्यां कोल्हापुरांतल्या कोणा पक्षिप्रेमी गृहस्थास लांब चोचीचा वटवट्या दिसल्यासारखें वाटलें, तर त्यानें काय करावें? नुसत्या डोळ्यांनीं या दोघांचा निवाडा होत नाहीं. अर्ध्या मिनिटाच्या दर्शनावर दुर्मिळ नांव ठोकून देण्याची हौस पुष्कळांस असते. तिच्यापेक्षां ‘वटवट्या, बहुधा ब्लिथचा’ हे तीन शब्द बरे. जागा, तारीख, वेळ, पक्षी किती अंतरावर होता आणि उजेड कसा होता, हें तेथल्या तेथें लिहावें. घरीं जाऊन चहा झाल्यावर नव्हे, कारण पुस्तकांतलें चित्र पाहिलें कीं स्मरणांतली चोच वाढूं लागते. हल्लीं खिशांतल्या भ्रमणध्वनीवर आवाजहि टिपतां येतो.

आणखी एक. पहिल्या ‘चक्’ची तारीख उत्साही माणसें लिहून ठेवतात. वसंत सरतांना तें कुंपण कोणत्या दिवशीं मुकें झालें, ती तारीख बहुतेक वह्यांत कोरीच असते.