सुरू झाला म्हणजे दुरुस्त झाला नव्हे



ह्या व्यासपीठावरून विद्वान मंडळी बोलतात. मी नववीत शाळा सोडलेला फिटर. पुढे कामगार संघटनेच्या कामात पडलो. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नका. विषय मात्र माझ्या हाताखालून गेलेला आहे. सैन्याने मोडीत काढलेले डिझेल जनरेटर आणि त्यांची दुरुस्ती, हा तो विषय.

2005 नंतरची ती वर्षे आठवा. भारनियमनामुळे गावोगावी तासन् तास वीज नसे. पिठाच्या गिरणीला, दवाखान्याला, मंगल कार्यालयाला जनरेटर हवा होता आणि नवा परवडत नव्हता. सैन्याच्या निकामी मालाचे लिलाव होतात. 1964 साली स्थापन झालेली एमएसटीसी ही सरकारी कंपनी असे लिलाव करते. माल घ्यायचा तो जसा आहे तसा, जेथे आहे तेथून. त्या लॉटमधले सेट आमच्या वर्कशॉपात येत.

हा माल मुळात वाईट नसतो. पुष्कळदा सैन्य सेट काढते तो झिजला म्हणून नव्हे, तर मुदत भरली किंवा सुटे भाग मिळेनासे झाले म्हणून. इंजिन फारसे चाललेलेच नसते. बिघडते ते बसून बसून. टाकीतले जुने डिझेल चिकट होते, पंपाचा रॅक जागीच धरतो, नोझल बुजतात, अल्टरनेटरच्या पोटात उंदीर संसार थाटतात. म्हणून पहिल्या दिवशी बॅटरी जोडायचीच नाही. टाकी धुवायची, फिल्टर बदलायचे, इंजिन हाताने फिरवून पाहायचे, मग डिझेलच्या नळीतली हवा काढायची. रॅक मोकळा आहे ह्याची खात्री झाल्याखेरीज सुरू करू नये. तो पूर्ण उघड्या स्थितीत अडकला तर गव्हर्नरचे काही चालत नाही आणि इंजिन उधळते. आमचे म्हातारे मिस्तरी पहिल्या स्टार्टला हवेच्या तोंडाशी एक फळी घेऊन उभे राहत. उधळले की फळी दाबायची. हवा तुटली की इंजिन मरते. नव्या पोरांना हसू येई. एकदा ती फळी कामास आली, मग कोणी हसले नाही.

वाइंडिंगची परीक्षा मेगरने करायची. एक मेगओहमच्या खाली काटा आला की आत ओल आहे समजावे. आम्ही शंभर वॉटचे दिवे लावून, ताडपत्री झाकून, चारचार दिवस वाळवत असू. एवढे करून कधी इंजिन झकास चालते, पण वीज शून्य! पडून राहिल्याने लोखंडातले शिल्लक चुंबकत्व गेलेले असते. मग व्होल्टेज रेग्युलेटर सोडवून फील्डला बॅटरीचा क्षणभर स्पर्श द्यायचा. पुढे वेग जमवायचा. चार पोलच्या अल्टरनेटरला मिनिटाला 1500 फेरे, तेव्हा पन्नास सायकल मिळतात. ह्या सगळ्याला दोन आठवडे लागतात. गिऱ्हाईकाला सेट तीन दिवसांत हवा असतो. मालक तीन दिवसांचेच पैसे घेतो आणि उरलेले दिवस कोणाच्या तरी अंगावर जातात.

ते कोणाच्या अंगावर गेले, हे सांगतो. नोझलचा फवारा नीट पडतो की नाही हे पाहण्याचे यंत्र असते. आमच्या वर्कशॉपात ते नव्हते. आम्ही नोझल बाहेर काढून जोडायचो, इंजिन फिरवायचो आणि फवारा हातावर घेऊन अंदाज बांधायचो. मला ह्या कसबाचा अभिमान होता. 2007 साली एकोणीस वर्षांच्या एका पोराने तेच केले. नोझलमधून दर चौरस सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास दाबाने डिझेल सुटते. ते कातडी फोडून आत जाते. वर दिसते फक्त सुई टोचल्याएवढे. दुखतही फारसे नाही. आम्ही हळद लावली. अशा वेळी तासाभराचाही उशीर न करता शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरकडे न्यायचे असते, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हते. तिसऱ्या दिवशी त्याचे बोट कापावे लागले. तो हात पुढे करायला मीच त्याला शिकवले होते.

वर्कशॉपात आम्ही सहा माणसे. फॅक्टरी कायदा त्या वेळी वीज वापरणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांपासून पुढे लागे. भरपाईचा 1923 चा कायदा होता. पण हजेरीपटावर पोराचे नावच नाही, तर तो कामगार हे दाखवायचे कशावरून? त्याच्या डब्यावर मालकाच्या दुकानाचे नाव कोरले होते, दिवाळीला मिळालेला डबा. आम्ही तो डबा पुरावा म्हणून ठेवला. दोन वर्षांनी तडजोड झाली. मी संघटनेत पूर्ण वेळ आलो तो त्यानंतर.

आता तुमच्या घराकडे येतो. वीज गेली की काही जण जनरेटरची वायर सरळ घरातल्या सॉकेटमध्ये खुपसतात. मेन स्विच चालू राहिला, तर तुमची वीज उलटी मीटरमधून खांबावर जाते. ट्रान्सफॉर्मरचे फ्यूज काढून, तार मेलेली आहे अशा समजुतीने वायरमन वर चढलेला असतो. त्याला खालून तुम्ही मारता. ट्रान्सफॉर्मरपर्यंत वाट मोकळी असली तर तो उलटाही चालतो, आणि घरगुती दाबाचे अकरा हजार व्होल्ट करू शकतो. म्हणून चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय आमच्या लोकांनी सेट गिऱ्हाईकाच्या ताब्यात देऊ नये, असा ठराव आम्ही केला. त्यामुळे चार गिऱ्हाइके तुटली, हे कबूल करतो.

मधल्या काळात एका मित्राने अमेरिकन सैन्याच्या मेप-803ए ह्या सेटची पुस्तिका छापून आणली. त्या देशातही असे सेट लिलावात जातात आणि हौशी माणसे ते घरी दुरुस्त करतात. दहा किलोवॉटचा सेट, लिस्टर-पेटरचे चार सिलिंडरचे इंजिन, त्यांच्याकडे साठ सायकल म्हणून वेग 1800, आणि सुरू करायला दोन बॅटऱ्या मिळून 24 व्होल्ट. शब्दकोश शेजारी घेऊन मी ती महिनाभर वाचली. माझ्या ध्यानात राहिली ती तिची सुरुवात. तिथे दुरुस्ती नाही, इशारे आहेत : विजेचा धक्का, धुरातला विषारी वायू, आवाजाने जाणारा कान. आम्हाला कोणी पाना हातात देताना असे एक पानही दिले नव्हते. मग आम्हीच मराठीत चार पानांचे पत्रक काढले. नोझलचा इशारा सर्वांत वर आहे. तो पहिला मसुदा त्या पोराने लिहिला. आता त्याचे स्वतःचे वर्कशॉप आहे.

बाहेर पटांगणात असाच एक सेट आणून ठेवला आहे. अध्यक्षांची परवानगी असेल तर आभारप्रदर्शनानंतर तो सुरू करीन. चेंजओव्हरचा दांडा वर केला की लाइन, खाली केला की जनरेटर, मध्ये दोन्ही बंद. हे ज्याने त्याने आपल्या हाताने करून पाहावे. मुलांना तेवढे सायलेन्सरपासून लांब धरा, तो फार तापतो.