अपील म्हणजे स्थगिती नव्हे

(पंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कामगार न्यायालयाने एखाद्या बडतर्फ कर्मचाऱ्याला पुन्हा कामावर घेण्याचा निवाडा दिला आणि त्याविरुद्ध व्यवस्थापनाने वरच्या न्यायालयात धाव घेतली, की एक वाक्य हमखास कानी पडते : "प्रकरण वर गेले आहे, आता निकाल लागेपर्यंत काही करता येणार नाही." कार्यालयातील लेखनिक असे म्हणतो, संस्थेचा सचिव म्हणतो आणि पुष्कळदा तो कर्मचारीही ते निमूटपणे मान्य करतो. वस्तुतः कायदा असे म्हणत नाही. या गैरसमजापायी एखादे कुटुंब वर्षानुवर्षे उत्पन्नावाचून राहते, म्हणून या विषयाचा आज थोडा विचार करू.

अपील आणि स्थगिती

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ४१, नियम ५ अगदी स्पष्ट आहे. केवळ अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. ती थांबवायची असेल तर वरिष्ठ न्यायालयाकडून स्थगितीचा स्वतंत्र आदेश मिळवावा लागतो. त्यासाठी अर्जदाराला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : स्थगिती न मिळाल्यास आपले मोठे नुकसान होईल, अर्ज करण्यात आपण अवाजवी विलंब केलेला नाही आणि अखेर जो निर्णय होईल त्याच्या पूर्ततेसाठी आपण तारण देत आहोत.

कामगार न्यायालयाच्या निवाड्याविरुद्ध नेहमीच्या अर्थाने अपील नसते. व्यवस्थापन संविधानाच्या अनुच्छेद २२६ किंवा २२७ खाली उच्च न्यायालयात याचिका दाखल करते. तेथेही तत्त्व तेच. याचिका दाखल झाली म्हणून निवाडा आपोआप निद्रिस्त होत नाही. विहित तीस दिवस उलटले आणि स्थगिती नसेल, तर तो अंमलात आणण्याजोगा असतो. निवाड्याखालील निश्चित रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याचीही सोय कायद्याने केलेली आहे.

मधल्या काळातील भाकरी

आता समजा, उच्च न्यायालयाने स्थगिती दिली. मग त्या कर्मचाऱ्याने मधल्या काळात जगावे कसे? पूर्वी या प्रश्नाला कायद्यात उत्तर नव्हते. निवाडा हाती, पण चूल थंड, अशी कामगाराची स्थिती होई. ज्याच्याजवळ साधनसामग्री आहे त्याला थांबणे परवडते; ज्याचे पोट महिन्याच्या पगारावर आहे त्याला ते परवडत नाही. त्यामुळे हक्क असूनही पुष्कळ कामगार तुटपुंज्या तडजोडीला राजी होत.

ही विषमता ध्यानी घेऊन संसदेने १९८२ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मध्ये कलम १७-ब घातले. ते २१ ऑगस्ट १९८४ पासून अंमलात आले. त्या तारखेपूर्वी दिलेल्या निवाड्यांनाही त्याचा लाभ मिळतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली ठरविले. पुढे औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने १९४७ च्या अधिनियमाची जागा घेतली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली असून तिच्या कलम ५६ मध्ये हेच संरक्षण कायम ठेवलेले आहे.

या तरतुदीचा आशय सोपा आहे. निवाड्याने कामगाराला पुन्हा कामावर घेण्याचा आदेश दिलेला असेल आणि मालकाने त्याविरुद्ध उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयात कार्यवाही सुरू केली असेल, तर ती प्रलंबित असेपर्यंत मालकाने त्या कामगाराला त्याचे शेवटचे पूर्ण वेतन दिले पाहिजे. मात्र, आपण अन्यत्र नोकरीत नाही असे प्रतिज्ञापत्र कामगाराने त्या न्यायालयात दाखल करावयास हवे. तो अन्यत्र पुरेशा वेतनावर काम करीत होता असे सिद्ध झाल्यास त्या काळाचे वेतन मिळत नाही.

या रकमेचे स्वरूप निर्वाह भत्त्यासारखे आहे. देना बँकेच्या प्रकरणात १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. एक, पुढे निवाडा रद्द झाला तरी ही रक्कम कामगाराकडून परत घेता येत नाही. दोन, "शेवटचे वेतन" म्हणजे कामावरून काढताना मिळत असलेले वेतन. आज कामावर असता तर मिळाले असते ते नव्हे. दहा वर्षांपूर्वी काढलेल्या माणसाला दहा वर्षांपूर्वीच्या पगारात आजचा बाजार करावा लागतो, ही यातील उणीव आहे. तथापि न्यायाच्या दृष्टीने आवश्यक वाटल्यास अधिक रक्कम देण्याचा आदेश उच्च न्यायालय देऊ शकते, असेही त्याच निर्णयात म्हटले आहे.

शिक्षकांची स्थिती

येथे उपस्थित असलेल्या शिक्षकांनी एक भेद ध्यानात ठेवावा. गोव्यातील एका शाळेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली असा निर्णय दिला की, शिक्षक हा औद्योगिक विवाद अधिनियमाच्या अर्थाने कामगार नाही. त्यामुळे कलम १७-ब चे छत्र शिक्षकांना लाभले नाही. महाराष्ट्रातील खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७ चा स्वतंत्र अधिनियम आणि शाळा न्यायाधिकरण आहे. न्यायाधिकरणाच्या आदेशाला संस्थेने स्थगिती मागितली, तर वेतनाची रक्कम न्यायालयात भरावी किंवा दरमहा काही रक्कम द्यावी, अशी अट घालण्याची विनंती शिक्षकाने आपल्या वकिलामार्फत त्याच वेळी करावी. स्थगिती विनाअट मिळून गेल्यावर ही मागणी पदरात पाडून घेणे कठीण जाते.

महाराष्ट्रातीलच एका शिक्षिकेच्या प्रकरणात, २०१३ साली, सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधिकरणाने दिलेले संपूर्ण मागील वेतन पुन्हा मंजूर केले. न्यायदानातील विलंबाला पक्षकार बहुधा जबाबदार नसतात, म्हणून त्याची शिक्षा त्यांना होऊ नये, असे मत न्यायालयाने त्या वेळी नोंदविले.

स्थगिती किती काळ?

दिवाणी व फौजदारी खटल्यांतील स्थगिती सहा महिन्यांनी आपोआप संपते, असा निर्देश २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने दिला होता. घटनापीठाने २९ फेब्रुवारी २०२४ रोजी तो रद्द केला. यास्तव स्थगिती आपण होऊन संपेल या भरवशावर कोणी राहू नये. ती उठविण्यासाठी अर्ज करावा लागतो. स्थगिती दुसऱ्या बाजूला कागदपत्रे न देता व तिचे म्हणणे न ऐकता दिलेली असेल, तर अनुच्छेद २२६(३) प्रमाणे अशा अर्जाचा निकाल दोन आठवड्यांत लागला पाहिजे. अन्यथा ती स्थगिती उठते.

सार्वजनिक संस्थांचे कर्तव्य

आता दोन शब्द पंचायत व नगरपरिषदांच्या सदस्यांसाठी. आपली संस्था हीदेखील मालक असते. समजा, पाणीपुरवठा योजनेवरील एका पंपचालकाला निवाड्याने कामावर घ्यायचे आहे आणि त्याचे शेवटचे वेतन दरमहा १२,००० रुपये होते. आपण याचिका केली आणि ती चार वर्षे चालली, तर ५,७६,००० रुपये काम न घेता द्यावे लागतील. ते परत मिळणार नाहीत. शिवाय याचिका फेटाळली गेली तर निवाड्यातील मागील वेतन वेगळेच. याउलट, याचिकेतील आपल्या हक्कांना बाध न येता त्याला कामावर घेतले, तर त्याच पैशात गावाला पाणी सोडणारा माणूस मिळतो. तेव्हा "वर जाऊ" असा ठराव मांडण्यापूर्वी हा हिशोब सभेपुढे अवश्य ठेवावा.

वरिष्ठ न्यायालयात जाण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि कनिष्ठ न्यायालयाचा निर्णय चुकू शकतो, म्हणूनच तो हक्क मोलाचा आहे. परंतु तो निर्णय तपासून घेण्याचा हक्क आहे, प्रतिपक्षाला उपाशी ठेवून नमविण्याचा नव्हे. आपल्या गावात असा निवाडा हाती घेऊन बसलेला कोणी असेल, तर स्थगिती खरोखरच आहे काय, तिच्या अटी कोणत्या आणि प्रतिज्ञापत्र दाखल झाले आहे काय, एवढे तीन प्रश्न त्याला विचारा. गरज भासल्यास त्याला तालुका विधी सेवा समितीची वाट दाखवा. एवढे आपण केलेत, तरी आजच्या या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी समजेन.