परसातल्या कोंबडीचा क्षय: स्वागताध्यक्षीय भाषण



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे मुंबईत मनःपूर्वक स्वागत करतो. रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला तो २४ मार्च १८८२ रोजी. त्यानंतर चारच वर्षांनी, १८८६ मध्ये, मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा शहरात पक्ष्यांच्या क्षयावर विचार करायला आपण जमलो आहोत, याचा आम्हाला अभिमान आहे.

ब्रॉयलर दीड महिन्यात बाजारात जातो, त्यामुळे मोठ्या फार्मवर हा संथपणे वाढणारा रोग क्वचितच दिसतो. तो मुरतो परसात. खुडूक नीट बसते, पिल्ले जपते म्हणून घरची बाई जी कोंबडी तीन-चार वर्षे राखते, तिच्यात. दाणे टिपत असूनही ती वाळत जाते, तुरा फिका पडतो, छातीचे हाड धारेसारखे बोटाला लागते. शवविच्छेदनात यकृत, प्लीहा आणि आतड्यांवर पिवळट गाठी दिसतात. फुप्फुसे बहुधा सुटलेली असतात. गाठीचा ठसा काचपट्टीवर घेऊन झील-नील्सन रंग दिला, की निळ्यावर लाल काड्यांचे पुंजके उमटतात. विष्ठेतून पडलेला हा जंतू मातीत वर्षानुवर्षे तग धरतो.

पण ती काडी कोणत्या उपजातीची, हे सूक्ष्मदर्शक सांगत नाही. त्यासाठी पीसीआर हवी. मायकोबॅक्टेरियम एव्हियमच्या ज्या उपजातीमुळे पक्ष्यांना क्षय होतो, तिच्यात आयएस ९०१ आणि आयएस १२४५ हे दोन्ही जनुकखंड आढळतात. होमिनिसुइस उपजातीत सहसा फक्त दुसरा असतो. ती कोंबड्यांना फारशी बाधत नाही, मात्र डुकरांत आणि प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसांत आढळते. आयएस ९०१ ही मोलाची खूण आहे, पण जंतूच्या घातकतेचे श्रेय एकट्या तिला देता येत नाही. पेशीभित्तिकेवरील ग्लायकोपेप्टिडोलिपिडे, भक्षक पेशींच्या आत टिकून राहण्याची जंतूची ताकद, यांचाही हिशेब मांडावा लागतो. या दोन दिवसांत तो मांडला जावा, ही अपेक्षा.

माझी कळकळ एवढीच आहे. गावात मेलेली कोंबडी उकिरड्यावर जाते आणि तिच्याबरोबर पुरावाही जातो. तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी यकृताचा तुकडा प्रयोगशाळेकडे पाठवावा, आणि प्रयोगशाळेने निदान त्या घरापर्यंत पोहोचवावे. यावर उपचार करत बसण्यात अर्थ नसतो. बाधित पक्षी काढून टाकणे आणि नवी पिल्ले जुन्या जागेवर न सोडणे, हाच मार्ग आहे. हे त्या बाईला वेळेवर कळले, तर तिचा पुढचा कळप वाचेल.

आपल्या निवास-भोजनात काही उणे राहिल्यास स्वागत समितीला हक्काने सांगा. आपले पुन्हा एकदा स्वागत करून परिषदेला सुयश चिंतितो.